समुद्रावरची तैनाती आणि बीडचा तरुण

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी एकालाही समुद्राचा शेजार नाही. जिल्ह्याच्या पश्चिम टोकापासून सरळ रेषेत मोजले तरी अरबी समुद्र दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. नौदल हा मुंबईचा, कोकणाचा, फार तर गोव्याचा विषय, अशी समजूत या भागात रूढ असेल तर तिच्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. सैन्य म्हटले की येथील माणसाच्या डोळ्यांसमोर हिमालयातील चौकी येते, युद्धनौका येत नाही. परंतु गेल्या काही वर्षांतील घटनांनी ही समजूत दोन बाजूंनी खोटी ठरवली आहे. एक बाजू मालाची आहे आणि दुसरी माणसांची. पहिलीचा परिणाम जिल्ह्यातील प्रत्येक स्वयंपाकघरावर आणि शेतावर होतो. दुसरीचा परिणाम बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या हजारो घरांवर होऊ लागला आहे.

मालाची बाजू आधी पाहू. भारताचा परदेशी व्यापार वजनाने सुमारे ९५ टक्के आणि किमतीने सुमारे ७० टक्के समुद्रमार्गाने होतो. पोटॅशसारखे खत देशात जवळजवळ तयारच होत नाही. ते आयात करावे लागते. सूर्यफुलाच्या तेलाचा मोठा हिस्सा रशिया आणि युक्रेन या देशांकडून काळ्या समुद्रातील बंदरांमार्गे, सुएझ कालवा आणि तांबडा समुद्र ओलांडून येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधील हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रातील व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा अनेक जहाज कंपन्यांनी तो मार्ग सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्याचा निर्णय घेतला. त्या वळशाने प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला, आणि त्याबरोबर भाडे व विम्याचे दरही वाढले. गेवराईच्या कापूस उत्पादकाला किंवा अंबाजोगाईच्या किराणा दुकानदाराला बाब-अल-मांदेबच्या सामुद्रधुनीचे नाव ठाऊक नसेल, पण त्या सामुद्रधुनीतील अशांततेची किंमत मोजणाऱ्यांत तोही आहे.

तैनातीचा बदललेला अर्थ

सामान्य वाचकाच्या मनात नौदलाचे चित्र अजूनही १९७१ चे आहे. त्या वर्षी ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या लहान क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर चढाई केली. नौदल दिन त्याच दिवशी साजरा होतो. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात पाणबुडीच्या माऱ्याने ‘खुकरी’ बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. विजय आणि बलिदान यांचे हे चित्र खरे आहे, परंतु अपुरे आहे. युद्ध काही दिवस चालते. नौदलाचे काम वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालते, आणि त्यातील बहुतेक काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही.

ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात चाचेगिरीविरुद्ध भारतीय नौकेचा पहारा सुरू झाला. २०१५ मध्ये येमेनमधील यादवीतून भारतीयांना बाहेर काढण्याच्या कामात ‘मुंबई’, ‘तर्कश’ आणि ‘सुमित्रा’ या नौका होत्या. २०१७ पासून नौदलाने तैनातीची पद्धतच बदलली. पूर्वी नौका प्रसंगानुसार बंदराबाहेर पडत. आता पर्शियाच्या आखातापासून मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत हिंदी महासागराच्या मोक्याच्या जागी कायम कोणती ना कोणती नौका उभी असावी, असे धोरण ठरले. २०२० च्या साथीच्या काळात ‘जलाश्व’, ‘ऐरावत’, ‘शार्दूल’ आणि ‘मगर’ यांनी मालदीव, श्रीलंका आणि इराण येथून ३,९९२ भारतीयांना परत आणले. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर विमानवाहू ‘विक्रांत’सह ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे सरकला होता.

तांबड्या समुद्राच्या पेचात या धोरणाची खरी कसोटी लागली. २३ डिसेंबर २०२३ रोजी ‘केम प्लूटो’ या टँकरवर गुजरातच्या किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या समुद्रात ड्रोनचा हल्ला झाला. त्यानंतर नौदलाने विनाशिका मोठ्या संख्येने पुढे आणल्या. २६ जानेवारी २०२४ रोजी, देश प्रजासत्ताक दिन साजरा करीत असताना, ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर क्षेपणास्त्र आदळून आग लागली. तिच्यावर २२ भारतीय खलाशी होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ने आपले अग्निशामक पथक त्या जळत्या जहाजावर पाठवले. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ या विनाशिकेने चाच्यांच्या ताब्यात तीन महिने असलेले ‘रुएन’ हे जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठले. विमानातून कमांडो समुद्रात उतरवले गेले, चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. नौदलाच्या निवेदनानुसार त्या मोहिमेच्या पहिल्या शंभर दिवसांत २१ नौका आणि पाच हजारांहून अधिक नौसैनिक गुंतले होते, अठरा घटना हाताळल्या गेल्या आणि ११० जणांचे प्राण वाचले. त्यांत ४५ भारतीय होते.

हे आकडे अभिमानास्पद आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्यामागचे गणितही समजून घेतले पाहिजे. एखाद्या जागी एक नौका सतत उभी ठेवायची तर प्रत्यक्षात साधारण तीन नौका लागतात: एक जागेवर, दुसरी जाण्या-येण्याच्या वाटेवर किंवा सरावात, आणि तिसरी गोदीत दुरुस्तीला. तैनातीच्या जागा वाढल्या आणि नौका त्या प्रमाणात वाढल्या नाहीत तर ताण दोनच ठिकाणी पडतो. एक तर यंत्रांवर, नाही तर माणसांवर.

जहाजावरचा दिवस

हा ताण कळण्यासाठी समुद्रावरचे जीवन कसे असते ते पाहावे लागेल. नव्या धाटणीची विनाशिका सुमारे १६३ मीटर लांब असते. तिच्यावर तीनशेच्या आसपास माणसे महिनोन्‌महिने राहतात. झोपण्यासाठी एकावर एक बसवलेले अरुंद पलंग आणि सामान ठेवायला एक लहानसे कपाट, एवढीच नौसैनिकाची खासगी मालमत्ता. दिवसाचे चोवीस तास चार-चार तासांच्या पाळ्यांत विभागलेले असतात. संध्याकाळी दोन पाळ्या दोन-दोन तासांच्या करतात, म्हणजे मध्यरात्रीचा पहारा रोज एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही. पाळी संपली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. रंगकाम, साफसफाई, गंज खरवडणे, शस्त्रांची देखभाल, आगीशी झुंजण्याचा सराव हे सगळे त्याच दिवसात बसवावे लागते. इंजिनाच्या खोलीतील उष्णता आणि आवाज, खवळलेल्या समुद्रात जेवणाचे ताट हातात धरून ठेवण्याची कसरत, आणि कित्येक दिवस घरच्यांचा आवाजही कानी न पडणे, हा त्या जीवनाचा नित्यक्रम आहे. पाणबुडीतील माणसाला तर सूर्यही दिसत नाही.

पाण्याची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. चहूकडे अथांग पाणी असूनही पिण्याचे आणि आंघोळीचे पाणी जहाजावर यंत्राने खारेपण काढून तयार करावे लागते. ते यंत्र मंदावले की अंघोळीवर बंधने येतात आणि प्रत्येक बादलीचा हिशेब होतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळा आला की टँकरच्या फेऱ्या मोजाव्या लागतात, तेथल्या मुलाला पाण्याचा हा जमाखर्च कोणी शिकवायला नको. आष्टी-पाटोद्याच्या माळावर वाढलेला तरुण या एका बाबतीत तरी समुद्राला तयार होऊनच जातो. तो कमी पडतो ते दुसऱ्याच ठिकाणी. नौदलाच्या प्रशिक्षणात पोहता येणे आवश्यक असते, आणि गावच्या विहिरीत पोहायला शिकण्याची जुनी रीत विहिरी आटल्या की खंडित होते.

जहाजावरील माणसांच्या हालांकडे दुर्लक्ष केले तर काय होते याचा धडा मुंबईनेच दिला आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नाविक तळावरील तरुणांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम बंद केले. पाहता पाहता ते लोण ७८ नौका, २० किनारी तळ आणि सुमारे २० हजार नौसैनिकांपर्यंत पोहोचले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिकांचे प्राण गेले. त्या उठावाला राष्ट्रीय आकांक्षेचे मोठे अधिष्ठान होते, पण ठिणगी पडली ती जेवणाच्या ताटात. स्वतंत्र भारताच्या नौदलात परिस्थिती पार बदलली आहे. अन्न, वैद्यकीय सेवा, निवास, मुलांचे शिक्षण यांची व्यवस्था आहे. तथापि अपघातांची मालिका अस्वस्थ करणारी आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’वरील आगीत दोन अधिकारी मृत्युमुखी पडले आणि नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ दुरुस्तीला असतानाच आग लागून एका बाजूला कलंडली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. या तिन्ही घटना शत्रूच्या माऱ्यातल्या नव्हेत. जहाज सुरक्षित राहते ते अनुभवी हातांमुळे. आणि अनुभव हा चार-सहा महिन्यांत मिळणारा जिन्नस नाही.

चार वर्षांचा प्रश्न

येथेच बीडच्या तरुणाचा प्रश्न उभा राहतो. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. नौसैनिकांच्या भरतीचा मार्ग आता तोच आहे. पूर्वी नौसैनिकाचा पहिला करार पंधरा वर्षांचा असे आणि तो पूर्ण केल्यावर निवृत्तिवेतन मिळे. अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची आहे. वेतन पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार रुपये. त्यातून ३० टक्के कापून तेवढीच रक्कम सरकार घालते आणि अखेरीस व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हाती येतात. निवृत्तिवेतन नाही. जाहीर झालेल्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत तरुणांना पुढे कायम ठेवले जाते. ओडिशातील चिल्का येथील तळावर नौदलाच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२३ मध्ये सुमारे २,६०० जण बाहेर पडले. त्यांत २७० हून अधिक मुली होत्या. नौसैनिक म्हणून मुलींना जहाजाचे दार प्रथम याच तुकडीने उघडले. या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. म्हणजे योजनेचे खरे परीक्षण भाषणांत नव्हे, तर त्या वेळी घरी परतणाऱ्या तरुणांच्या पुढील आयुष्यात व्हायचे आहे.

सरकारची बाजू निराधार नाही. सैन्याचे सरासरी वय कमी असावे, निवृत्तिवेतनाचा वाढता बोजा आधुनिक शस्त्रांच्या खर्चावर कुरघोडी करू नये, आणि शिस्तीत घडलेले तरुण समाजात परत यावेत, हे तिन्ही हेतू समजण्यासारखे आहेत. परंतु पायदळाला लागू पडणारा न्याय जहाजाला जसाच्या तसा लागू पडतो काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. चार वर्षांतील पहिले सहा-आठ महिने मूलभूत आणि शाखेच्या शिक्षणात जातात. उरलेल्या काळात रडार, सोनार, क्षेपणास्त्र किंवा गॅस टर्बाइन यांसारख्या यंत्रणेवर हात बसतो न बसतो तोच चारांतील तिघांना निरोप द्यायचा, हा व्यवहार नौदलालाच महाग पडण्याचा संभव आहे. तैनातीच्या जागा वाढत असताना अनुभवाचा साठा घटू देणे परवडणारे नाही.

तरुणाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी टोकदार होतो. मुंबई किंवा रत्नागिरीच्या मुलाला नौदलातून परतल्यावर बंदर, गोदी, मासेमारी, व्यापारी जहाजे असे निदान चार मार्ग घरालगत दिसतात. बीडच्या मुलाला परत यायचे आहे ते कोरडवाहू शेताकडे. या जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरापासून सहा महिने दूर राहणे या समाजाला नवे नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, राहायला कोपी, मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. समुद्रावरच्या तैनातीत आणि फडावरच्या हंगामात विरहाचा भाग सारखाच आहे. फरक आहे तो असा की नौसैनिकाच्या विरहाला वेळापत्रक, रेशन, डॉक्टर आणि विमा यांचा आधार आहे. ऊसतोड कामगाराच्या विरहाला तो अजूनही पुरेसा मिळालेला नाही. म्हणूनच कोयत्यातून सुटण्याचा मार्ग म्हणून अनेक घरे सैन्यभरतीकडे पाहतात, आणि चार वर्षांनी तोच कोयता पुन्हा हाती येणार नाही एवढीच त्यांची माफक अपेक्षा आहे.

करण्याजोग्या गोष्टी

ही अपेक्षा पुरी करणे अशक्य नाही. पहिली गोष्ट केंद्राच्या हातची आहे. नौदलाच्या तांत्रिक शाखांसाठी कायम ठेवण्याचे प्रमाण इतर दलांपेक्षा वेगळे आणि अधिक असावे. जहाजाची गरज ही त्याची कसोटी असावी, तिन्ही दलांना एकच मोजपट्टी लावण्याचा हट्ट नसावा.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. जून २०२२ मध्येच केंद्रीय नौवहन महासंचालनालयाने अग्निवीरांना व्यापारी नौदलात जाण्याचे सहा मार्ग जाहीर केले होते. ते मार्ग खेड्यातील मुलाच्या घरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि रोजगार कार्यालये यांनी घेतली पाहिजे. ज्या हातांनी जहाजावर जनरेटर, पंप आणि वीजयंत्रणा सांभाळल्या ते हात परळीच्या औष्णिक वीज केंद्राला, साखर कारखान्यांना आणि जिल्ह्यातील माळांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांना उपयोगी पडू शकतात. परंतु त्यासाठी नौदलातील अनुभवाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्राची बरोबरी नियमाने मिळाली पाहिजे. साहेबाच्या मर्जीवर ती सोडता कामा नये.

तिसरी गोष्ट शाळांची आहे, आणि ती शिक्षकांच्या हातची आहे. नौदलाच्या वरच्या वर्गातील भरतीला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांत याच दोन विषयांची भीती सर्वाधिक असते. नौसैनिक होण्यापलीकडे अधिकारी होण्याचाही मार्ग आहे. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी मुलांना तयार करते आणि मुलींसाठी नाशिकला अशीच संस्था २०२३ मध्ये सुरू झाली. बीडपासून संभाजीनगर एसटीने तीन-चार तासांवर आहे. तरीही दहावीच्या वर्गात या संस्थेचे नाव एकदा तरी घेतले जाते काय, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःला विचारावे.

समुद्र आपला नाही, ही भावना मराठवाड्याच्या इतिहासाला धरूनही नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन बाजारपेठांची नोंद आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तेर आणखी दहा दिवसांवर, असे अंतर त्याने दिले आहे. कापड आणि इतर माल गाड्यांतून त्या बंदराकडे जाई, आणि पैठण व तेर यांच्या मधोमध आजचा बीड जिल्हा आहे. पुढे निजामाच्या राजवटीत हा प्रदेश समुद्राला पारखा झाला. त्या दरबारालाही अखेरच्या दिवसांत बंदराची निकड इतकी भासली की पोर्तुगीजांच्या ताब्यातील मुरगाव हाती यावे म्हणून त्याने खटपट केली. ज्यांना समुद्र नसतो त्यांनाच त्याची किंमत शेवटी अधिक मोजावी लागते, एवढे तरी त्या खटपटीवरून दिसते.

आज ती किंमत दोन रूपांत मोजली जात आहे. एक रूप बाजारात खताच्या पोत्यावर आणि तेलाच्या डब्यावर दिसते. दुसरे दिसत नाही. ते एडनच्या आखातात मध्यरात्रीच्या पहाऱ्यावर उभ्या असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या आयुष्याच्या चार वर्षांत आहे. राष्ट्राने ती वर्षे घेतली आहेत. त्यांच्या बदल्यात परत येणाऱ्याला काय द्यायचे, हे तो परत येण्यापूर्वी ठरले पाहिजे. तो गावच्या स्टँडवर उतरल्यावर त्याचा विचार सुरू झाला तर उशीर झालेला असेल.